उसाच्या आधीची माशी

आमच्या घरात काळाचे दोनच भाग होते: उसाच्या आधी आणि उसानंतर. कुणाचं लग्न कधी झालं, विहीर कधी पाडली, खिलारी जोडी कधी विकली, सगळं या दोहोंपैकी एकात जाऊन बसायचं. इसवी सन फक्त शाळेच्या दाखल्यापुरतं. मोठी आत्या कधी जन्मली असं विचारलं तर आज्जी म्हणायची, "उसाच्या आधी. शाळूच्या कडंनं करडई फुलली हुती तवा." ऐकणाऱ्याला तेवढ्यात महिनाही कळायचा.

ऊस आमच्या हातकणंगले तालुक्याला अगदीच नवा होता असं नाही. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा आणि मधे आळते, मजले, मिणचे या बाजूचा माळ, अशी ही जमीन. नदीकाठच्या मळीच्या रानात ऊस पूर्वीही व्हायचा, त्याचा गूळ गाडीतून कोल्हापूरच्या शाहूपुरीत जायचा. पण तो ऊस नदी सोडून लांब जात नसे. पुढं राधानगरीच्या धरणानं पंचगंगेला बारमाही केलं. पन्नासच्या दशकात इकडं रत्नाप्पाण्णा कुंभारांनी पंचगंगा कारखाना उभा केला, पलीकडं तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणा. सोसायट्यांची कर्जं आली, लिफ्टच्या पायपा आल्या, आणि को-७४० जातीचं बेणं आलं. म्हातारी माणसं त्याला नुसतं 'सातशेचाळीस' म्हणायची, जणू घरचा जावई. पाणी चढ चढून माळावर गेलं आणि त्याच्या मागोमाग ऊसही.

त्याबद्दल आमच्या घरात कुणाची तक्रार नव्हती, आजही नाही. उसानं कौलं चढली, पोरं शिकली, मीही त्याच बिलावर शिकलो. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं शहरात बसून गावाच्या नावानं गळा काढल्यासारखं वाटेल.

आज्जा मोहोळ झाडायचा. गावात असा एखादाच असतो. फुलोरी माशीचं झुडपातलं हातभर उंचीवरचं पोळं पोरंटोरंही काढतात. सातेरी माशी अंधारात राहते, झाडाच्या ढोलीत, वारुळात, पडक्या भिंतीच्या खबदाडात, एकाखाली एक अशी तिची पोळी. तीही फारशी त्रास देत नाही. पण आग्या मोहोळ म्हणजे वडाच्या उंच फांदीला लोंबणारं परातीएवढं एकच पोळं, आणि त्याच्यावर हजारो माश्यांचा हलता पडदा. ती माशी उठली की बैलसुद्धा मरतो. आज्जा अमावास्येच्या अंधारात चढायचा. अंधाऱ्या पाखात पोळं भरलेलं असतं अशी त्याची खात्री होती. कंबरेला दोर, हातात गवताची चूड. ठिणग्या खाली पडायच्या, माश्या ठिणग्यांच्या मागं खाली झेपावायच्या, आणि तेवढ्या वेळात तो पोळं कापून घमेल्यात घ्यायचा. घरी आल्यावर ते पोळं फडक्यात घालून पिळलं जायचं. त्यात मध यायचा, पराग यायचा, आणि अळ्याही यायच्या. सकाळी झाडाखाली जळलेल्या माश्यांचा थर दिसायचा, असं वडील सांगायचे. आज्जाच्या गोष्टीत तो थर कधीच नसायचा.

पिळून उरलेलं मेण आज्जीचं. ते पाण्यात उकळून, गाळून, थंड करून ती पितळी करंड्यात भरायची. आमच्याकडच्या बायका आधी कपाळावर मेणाचं बोट टेकायच्या आणि त्यावर कोरडं कुंकू. मेणाशिवाय कुंकू दुपारपर्यंत टिकत नाही. गावातल्या निम्म्या बायका मेणासाठी आमच्या सोप्यात यायच्या. पुढं टिकल्यांची पाकिटं आली आणि हा व्यवहार कुणालाही न कळता बंद पडला. माशीचा आणि बाईच्या कपाळाचा संबंध होता, हे आता नातसुनांना सांगितलं तर त्या हसतात.

आग्याची सगळ्यांत मोठी पोळी आमच्या वडावर नव्हे, शेजारच्या आण्णांच्या चिंचेवर असायची. आण्णा जैन. कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर आणि आळत्याचं कुंथुगिरी यांच्या मधल्या या पट्ट्यात शेतकरी जैन घरं भरपूर. श्रावकाच्या मूलगुणांत मद्य आणि मांस यांच्या जोडीनं मधाचाही त्याग सांगितलेला आहे, आणि तो आमच्या गावात नुसता पोथीतला नव्हता. पूजेसाठी पंचामृत करायचं झालं तरी त्यांच्याकडं मधाचं भांडं नसे. आज्जा दरसाल त्या चिंचेखाली जाऊन उभा राहायचा.

"आण्णा, यंदा तरी झाडू द्या की. काळी पडलीया फांदी."

"आबा, झाड माझं हाय. पोळं त्यांचं. मी कसं हो म्हणू?"

"न्हाय म्हणायला तर तुमचं हाय व्हय?"

"न्हाय म्हणायला पैसं पडत न्हाईत."

हा संवाद घरात इतक्या वेळा करून दाखवला जायचा की दोघांचे आवाज आम्हा पोरांना पाठ होते. आज्जाला राग यायचा, पण आण्णांची चिंच त्यानं चोरूनही कधी झाडली नाही.

तिसरा मार्गही त्या काळात निघाला होता. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानं माश्या न मारता मध काढायचं तंत्र गावोगाव सांगायला सुरुवात केली. लाकडी पेटी, तिच्यात सुट्या चौकटी, चौकट काढून यंत्रात फिरवायची, मध बाहेर, पोळं शाबूत, ते परत माश्यांना. आपल्या सातेरीच्या अंगाला बसेल अशी पेटी दक्षिणेत तिरुचिरापल्लीकडं न्यूटन नावाच्या पाद्र्यानं १९११च्या सुमारास बसवली होती. महाबळेश्वरात चाळीसच्या दशकात हा उद्योग रुजला, तो आजही तिथल्या मध संचालनालयाच्या रूपानं आहे. आज्जानं वडगावच्या बाजारात अशी पेटी एकदा पाहिली होती. त्याचं मत एका वाक्यात: "माशीला खोली बांधून द्यायची आन् भाडं मधात घ्यायचं!" त्याला ते थोडं अपमानाचं वाटलं असावं. चढण्यात जी मर्दुमकी होती ती पेटीत नव्हती.

पुढं गावातली माशी गेली, पण ती आज्जाच्या चुडीनं गेली नाही. मी बराच काळ तसं धरून चाललो होतो, कारण जळलेल्या माश्यांची गोष्ट मनात बसते. हिशेब मांडला तर ते खरं नाही. आग्या माशी फिरस्ती आहे. पावसाळा सरला की ती उतरते, फुलोरा संपला की सह्याद्रीकडं परतते. आज्जासारखी माणसं पिढ्यान्‌पिढ्या झाडत आली आणि माशीही पिढ्यान्‌पिढ्या परत येत राहिली. ती यायची, कारण इथं तिला खायला होतं.

काय होतं, हे आज्जीकडून ऐकावं. ती महिना धरून सांगायची. पावसाळ्यात मूग, उडीद, चवळी, तीळ. बांधावर टाकळा आणि तरवड. ज्वारीत मधेमधे अंबाडीच्या आणि कारळ्याच्या ओळी. कारळा फुलला की रान पिवळं. ज्वारीच्या तुऱ्यावर मध नसतो, पण पराग असतो, आणि तो पिलांना लागतो. मग बोरी. बोरीचं फूल माणसाला दिसतसुद्धा नाही, पण माशीला तेव्हा दुसरं झाड दिसत नाही. थंडीत तूर, पावटा, आणि शाळूच्या कडेनं करडई. करडई कडेनं का, तर काट्यामुळं जनावर आत तोंड घालत नाही. कोथिंबीर आणि शेपू बियाला सोडलेली. माघ-फाल्गुनात पांगारा, सावर, शेवगा. चैत्रात करंज, कडुनिंब, जांभूळ. उन्हाळ्यात चिंच. "एक म्हैना मोकळा न्हवता," ती म्हणायची. हे पंचांग कुणी मुद्दाम माशीसाठी आखलेलं नव्हतं. घरात तेल, डाळ, चटणी, भाजी, वाख हे सगळं लागत होतं, म्हणून रानात ते सगळं होतं.

ऊस आला आणि हे एकेक करून निघालं. उसाला माशीची गरज नाही. तो कांडीपासून उगवतो, त्याला तुरा आला तर शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तुऱ्यानं साखर उतरते. बांधावरच्या झाडाची सावली उसाला चालत नाही, म्हणून झाडं गेली. बांधच नांगरून दोन सऱ्या जादा बसवल्या, म्हणून टाकळा-तरवड गेले. तणनाशकानं उरलेलं गेलं. सांगली-कोल्हापूर रस्ता रुंद झाला तेव्हा दुतर्फाचे मोठे वृक्ष गेले. आज हातकणंगले स्टेशनवर उतरून कुठल्याही बाजूला पाहा, नजर पोचेल तिथवर हिरवं. बाहेरचा माणूस म्हणतो, काय सुपीक भाग आहे! माशीच्या दृष्टीनं तो वाळवंट आहे. सातेरी पोटासाठी दीड-दोन किलोमीटरच्या पुढं सहसा जात नाही. त्या टापूत तिला ऊस, ऊस आणि एखादं नारळाचं झाड सापडतं. माशी उपाशी राहिली की मरत बसत नाही, घर सोडून जाते. त्यामुळं ती कधी गेली हे कुणाच्या लक्षात येत नाही. मेलेल्या माश्यांचा थर कुठं पडत नाही.

भुकेखालोखाल विष. साठ-सत्तरच्या दशकांत बीएचसीची भुकटी कापडाच्या पुरचुंडीतून झटकत वडील भाजीपाल्याच्या ओळींतून चालायचे, तोंडाला नुसता टॉवेल. ती भुकटी देशात बंद व्हायला १९९७ उजाडलं. २००२ साली सांगलीकडून उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता सगळीकडं ऊस पांढरा झाला. तेव्हा जो तो फवारत सुटला. पुढं तो मावा आटोक्यात आणण्यात डिफा नावाच्या एका किड्याचा वाटा मोठा होता, जो त्याला खाऊन जगतो. औषधाच्या दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. आता हुमणीसाठी, वाळवीसाठी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मुळाशी दिली जातात. ही झाडाच्या अंगात भिनतात, फुलोऱ्यावर आलेल्या पिकात पराग आणि मधातही उतरतात. माशी तेवढ्यानं लगेच मरत नाही, तिला घरची वाट सापडेनाशी होते. युरोपीय संघानं या गटातली तीन औषधं उघड्या शेतात वापरायला २०१८ साली बंद केली. आपल्याकडं ती सर्रास मिळतात.

आणि रोग. भुदरगडकडच्या आमच्या पाहुण्यांनी सातेरीच्या पेट्या ठेवल्या होत्या. नव्वदीच्या सुरुवातीला त्या रिकाम्या झाल्या. त्यांच्या घरची म्हातारी सांगायची, अळी घरातच तोंड वर करून मरायची आणि ओढली तर पाण्याची पिशवी हातात यायची. कुणी तपासायला आलं नाही. पण 'थाई सॅकब्रूड' या विषाणूचं वर्णन हुबेहूब हेच आहे, आणि १९९१-९२च्या सुमारास केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात त्यानं सातेरीच्या पेट्यांमागून पेट्या रिकाम्या केल्या. अमेरिकेत २००६च्या हिवाळ्यात पेट्या अचानक ओस पडल्या तेव्हा जगभर बातमी झाली. त्याआधी दीड दशक आपल्या घाटातली माशी गेली, त्याची बातमी पाहुण्यांच्या सोप्याबाहेर गेली नाही.

आता प्रश्न पोटाचा. माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइनच्या नावानं एक वाक्य दर मे महिन्यात मोबाइलवर फिरतं. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. गहू, भात, ज्वारी, मका हे वाऱ्यावर किंवा स्वतःचं स्वतः फळतात. जगातल्या ११५ प्रमुख खाद्यपिकांचा २००७ साली अभ्यास झाला, तेव्हा ८७ पिकांना माशी, फुलपाखरू, वटवाघूळ असं कुणी ना कुणी लागतं असं दिसलं. पण वजनानं मोजलं तर सुमारे ६० टक्के अन्न त्यांच्याविना पिकतं. म्हणजे भाकरी राहील. भाकरीबरोबरचं जाईल. फळं, वेलवर्गीय भाज्या, तेलबिया, आणि त्यांच्यातून येणारी जीवनसत्त्वं.

आमच्या घरात हे आधीच घडून गेलंय. आज्जीच्या ताटात भाकरीबरोबर कारळ्याची चटणी आणि करडईचं तेल असायचं, दोन्ही घरचं. आता चटणी बचत गटाच्या पुडीतून येते आणि तेल पिशवीतून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. माशी गेली म्हणून कारळा गेला, असं मी म्हणणार नाही. भाव नव्हता, मजूर नव्हते, ऊस बरा होता. पण आता कुणाला कारळा परत लावायचा असेल तर अडतं ते माशीपाशी. कारळ्याचं फूल स्वतःच्या परागानं नीट धरत नाही. नुसती फुलं येतील, बोंडं भरणार नाहीत.

सूर्यफुलाच्या वेळी आम्ही हे पाहिलं. मधे काही वर्षं गावात सूर्यफुलाची लाट होती. ताटाएवढी फुलं, पण मधल्या चकतीत दाणे पोचट. कृषी खात्यानं सल्ला दिला: हाताला मलमलचं कापड गुंडाळून सकाळी आठ ते अकरा या वेळात फुलांवरून हलकेच हात फिरवा, या फुलावरून त्या फुलावर. चुलती आणि तिच्या जावा ओळीनं जायच्या, फुलांची तोंडं पुसल्यासारखं करत. आज्जी बांधावर बसून बघायची. "माशीचं काम करायला लागलाया. रोजगार किती देणार?" असं तिनं विचारलं होतं. रोजगार काढला तेव्हा सूर्यफूल परवडेना. चीनमध्ये सिचुआनच्या हानयुआन भागात नासपतीच्या बागांत माणसं झाडावर चढून पिसांच्या कुंच्यानं फुलाफुलाला पराग लावतात, त्याची छायाचित्रं मी पुढं पाहिली. मला ती अजिबात परदेशी वाटली नाहीत.

भोपळ्याच्या वेलाचं तर आज्जी स्वतःच करायची. पहाटे नर फूल खुडून मादी फुलात टेकवायची, त्याला ती 'लगीन लावणं' म्हणायची. काकडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला आकसलेली निघते, तिथं बहुधा पराग पुरता पोचलेला नसतो. बाजारात अशी काकडी बाजूला टाकतात. सांगोला-आटपाडीकडचे डाळिंबवाले बहरात मधपेट्या भाड्यानं आणून बागेत ठेवतात, हिमाचलातले सफरचंदवालेही तेच करतात. जी गोष्ट चिंचेवर फुकट लटकत होती, तिला आता भाडं आहे. आज्जाच्या विनोदातलं भाडं उलटं फिरलं.

पेट्यांतली माशी बहुतेक ठिकाणी आपली नाही, युरोपातली मेलिफेरा. ती साठच्या दशकात पंजाब-हिमाचलात रुजली. मध जास्त देते, पळून जात नाही, पण तिला सांभाळावं लागतं. पावसाळ्यात फुलं नसली की पेटीवाले साखरेचा पाक पाजतात. म्हणजे आमच्या तालुक्यानं माशीची फुलं काढून साखर पिकवली आणि तीच साखर माशीला पाजायची वेळ आली. साखर थेट बाटलीतही जाते: २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं १३ ब्रँडांचा मध तपासला तेव्हा निम्म्याहून जास्त नमुन्यांत साखरेचा पाक निघाला. डोक्यावरच्या बादलीत गुळाचं पाणी आणि वर दाखवायला पोळ्याचा तुकडा ठेवून मध विकणाऱ्या बायका आमच्या लहानपणी यायच्या. आज्जी त्यांना बोट बुडवून ओळखायची. बाटलीत बोट बुडवून काय कळणार?

सगळंच गेलं असंही नाही. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या पुढाकारानं २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, आणि त्यानंतर आमच्याच जिल्ह्यातलं भुदरगडचं पाटगाव. तिथं जंगल आहे, जांभूळ आहे, काही वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आहे. तिथली सातेरी परत उभी राहिली, कारण तिच्या रानाला कुणी सरी पाडली नव्हती.

हे पाहून माझ्या चुलतभावाला हुरूप आला. प्रशिक्षण घेऊन त्यानं सातेरीच्या पेट्या आणून घरामागं ठेवल्या. महिन्याच्या आत माश्या निघून गेल्या. शिकवणाऱ्या बाईंना त्यानं फोन लावला, माशी चांगली नव्हती म्हणाला. त्यांनी त्याला एकच काम दिलं: तुमच्या घरापासून किलोमीटरभरात कुठल्या महिन्यात काय फुलतं ते बारा रकाने करून लिहा, मग बोलू.

आम्ही सोप्यात बसून लिहायला घेतलं. माघात शेवगा आला. फाल्गुन-चैत्रात आंबा, आण्णांच्या नातवानं ठेवलेला एक कडुनिंब. बारा महिने नारळ, तो सगळ्या रकान्यांत लिहून भावानं कागद भरल्यासारखं केलं. मृगापासून दिवाळीपर्यंत दुसरं काही सुचेना. वहिनी आतून म्हणाली, गाजर गवत लिहा, ते फुलतं. आज्जीची यादी मला पाठ होती, ती मी म्हणून दाखवली, तर भाऊ म्हणाला, ते आता नाही, आता काय आहे ते सांग.

मग त्यानंच ठरवलं की यंदा खोडवा निघाला की वरच्या तुकड्यात शाळू करायचा आणि कडेनं करडईच्या दोन ओळी टाकायच्या.

"टाका की," वहिनी म्हणाली, "पण काढायला कोण येणार ते आधी ठरवा. त्या काट्यात मी हात घालणार न्हाई. आणि बियाणं कुठं मिळतंय ते बघा, वडगावात तरी मला दिसलेलं न्हाई."